उत्पादक कंपनीचे संचालकपद स्वीकारण्यापूर्वी

जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतील शेतकऱ्यांना संस्थेचा कारभार नवा नाही. गावची विकास सोसायटी, दूध संस्था, निवृत्तीनगरचा विघ्नहर आणि दत्तात्रयनगरचा भीमाशंकर साखर कारखाना यांच्यामुळे सभासद, भाग, सभा हे शब्द घरोघरी परिचयाचे आहेत. आता नारायणगावचा टोमॅटो, ओतूर-आळेफाट्याचा कांदा, सातगाव पठारावरील बटाटा असा माल एकत्रितपणे विकण्यासाठी शेतकरी उत्पादक कंपनीचा मार्गही खुला आहे. परंतु कंपनी म्हणजे दुसऱ्या नावाची सोसायटीच, असे समजून कारभार केल्यास संचालक आणि सभासद दोघांचेही नुकसान होते. म्हणून या कायद्यातील मुख्य बाबी येथे दिल्या आहेत.

कायदा कोणता?

उत्पादक कंपनीची तरतूद १९५६ च्या कंपनी कायद्यात २००२ च्या दुरुस्तीने करण्यात आली व ती फेब्रुवारी २००३ पासून अमलात आली. पुढे २०२० च्या दुरुस्तीने या तरतुदी २०१३ च्या कंपनी कायद्यात स्वतंत्र प्रकरण म्हणून घालण्यात आल्या आणि ११ फेब्रुवारी २०२१ पासून त्या लागू आहेत. किमान १० उत्पादक शेतकरी एकत्र येऊन अशी कंपनी नोंदवू शकतात. सभासदसंख्येला कमाल मर्यादा नाही. सर्व सभासद व्यक्ती असतील तर भाग कितीही असोत, मत एकच असते. भाग बाहेरच्या व्यक्तीला विकता येत नाहीत. संचालक मंडळाच्या मान्यतेने ते सक्रिय सभासदालाच दर्शनी किमतीला देता येतात.

सोसायटी आणि कंपनी यांतील फरक

सहकारी संस्थेवर सहकार खात्याची देखरेख असते. चूक झाली तर तालुक्यातील निबंधक कार्यालयाकडून विचारणा होते. कंपनीची नोंद पुण्याच्या कंपनी निबंधकांकडे असते. तेथून आपल्या गावी कोणी आठवण करून देण्यास येत नाही. मुदत चुकली की विलंब शुल्क मात्र आपोआप वाढत जाते.

सभासद कोणाला करावे?

सभासद हा उत्पादकच असला पाहिजे. कंपनीच्या धंद्याशी ज्याच्या धंद्याचा हितविरोध आहे, त्याला सभासद होता येत नाही. नंतर असा हितविरोध निर्माण झाल्यास त्याचे सभासदत्व संपते. एखादे बागायतदार स्वतः टोमॅटो पिकवीत असतील, पण बाजारात त्यांची स्वतःची आडत असेल आणि कंपनीही टोमॅटो खरेदी-विक्री करणार असेल, तर हा प्रश्न उभा राहतो. गावकीचा संकोच न धरता तो नोंदणीपूर्वीच सोडवावा.

सभा आणि नोंदणीकृत पत्ता

पहिली वार्षिक सर्वसाधारण सभा नोंदणीपासून ९० दिवसांत घ्यावी लागते. त्यानंतर दरवर्षी सभा घ्यावी. दोन सभांमध्ये १५ महिन्यांहून अधिक अंतर नसावे. सभेची लेखी सूचना किमान १४ दिवस आधी द्यावी. एकूण सभासदांपैकी एक-चतुर्थांश हजर असल्याशिवाय गणपूर्ती होत नाही. म्हणजे ४०० सभासदांच्या कंपनीत किमान १०० सभासद प्रत्यक्ष यावे लागतात. तेव्हा टोमॅटोच्या तोडणीची किंवा द्राक्षाच्या छाटणीची घाई असेल असा दिवस सभेसाठी निवडू नये. सार्वजनिक सुट्टीचा दिवसही चालत नाही.

सभा नोंदणीकृत कार्यालय ज्या गावात आहे, त्याच गावात घ्यावी लागते. सोयीसाठी सल्लागाराचा पुण्यातील पत्ता नोंदविला, तर घोडेगावच्या सभासदांना सभेसाठी पुण्याला जावे लागेल. म्हणून कार्यालयाचा पत्ता आपल्याच गावचा असावा.

संचालकांची जबाबदारी

संचालक मंडळात किमान ५ व जास्तीत जास्त १५ संचालक असतात. मंडळाची बैठक दर तीन महिन्यांत किमान एकदा व वर्षात किमान चार वेळा झाली पाहिजे. रोजच्या कारभारासाठी पूर्णवेळ मुख्य कार्यकारी अधिकारी नेमावा लागतो. तो सभासदांपैकी नसावा.

पुढील गोष्ट प्रत्येक संचालकाने नीट लक्षात ठेवावी. कायद्याच्या किंवा कंपनीच्या नियमावलीच्या विरुद्ध ठरावाला ज्या संचालकांनी मत दिले, ते कंपनीच्या नुकसानीस एकत्रितपणे आणि प्रत्येकी वैयक्तिकपणेही जबाबदार असतात. ‘अध्यक्षांनी सांगितले म्हणून सही केली’ हा बचाव होऊ शकत नाही. संचालकाला किंवा त्याच्या नातेवाइकाला कर्ज द्यायचे तर मंडळाचा ठराव पुरेसा नसून सर्वसाधारण सभेची मंजुरी लागते.

विवरणपत्रे न भरल्यास

वार्षिक हिशेब आणि वार्षिक विवरणपत्र ही दोन्ही मुदतीत दाखल केली नाहीत, तर प्रत्येकास रोज १०० रुपये विलंब शुल्क पडते. समजा, ३०० सभासदांनी प्रत्येकी ५०० रुपये भरून १ लाख ५० हजारांचे भागभांडवल उभे केले. दोन्ही विवरणपत्रांना एक वर्ष उशीर झाला तर शुल्क ७३ हजार रुपये होते. म्हणजे जवळजवळ निम्मे भांडवल माल न विकताच संपले!

सलग तीन वर्षे विवरणपत्रे न भरल्यास संचालक पाच वर्षांसाठी अपात्र ठरतात. व्यवहार बंद असलेल्या कंपनीचे नाव निबंधक नोंदवहीतून काढूनही टाकू शकतात. २०१७ मध्ये देशातील दोन लाखांहून अधिक निष्क्रिय कंपन्यांची नावे अशा रीतीने कमी झाली. कंपनी बंद पडली म्हणून जबाबदारी संपत नाही.

हा धोका विशेषतः अनुदान संपल्यावर येतो. केंद्र शासनाच्या २०२० च्या योजनेत व्यवस्थापन खर्चासाठी तीन वर्षांत मिळून १८ लाख रुपयांपर्यंत साहाय्य ठेवले होते. ते थांबल्यावर अधिकाऱ्याचा पगार आणि सनदी लेखापालाचे शुल्क व्यवसायातूनच निघाले पाहिजे. तेवढी उलाढाल होईल का, याचा हिशेब नोंदणीपूर्वीच मांडावा.

सभासदाचा पैसा

कंपनी मालाच्या किमतीचा काही भाग राखून ठेवू शकते. समजा, क्रेटचा भाव २०० रुपये ठरला, १८० रुपये हाती दिले व २० रुपये राखले, तर ते २० रुपये सभासदाचे येणे असते. त्याची नोंद पावतीवर असावी. भागांवरील मर्यादित परतावा आणि राखीव निधी यांची तरतूद केल्यावर उरलेल्या रकमेतून बोनस देता येतो. तो भागांच्या नव्हे, तर कंपनीला घातलेल्या मालाच्या प्रमाणात मिळतो. म्हणून माल बाहेर विकून केवळ भागांवर लाभाची अपेक्षा धरणे योग्य नाही.

काय करावे?

१. सभा, मंडळाच्या बैठका व विवरणपत्रे यांच्या तारखा एप्रिलमध्येच ठरवून कार्यालयात लावाव्यात.

२. इतिवृत्त त्या त्या बैठकीनंतर लगेच लिहावे.

३. सनदी लेखापालाचे शुल्क खर्चाच्या अंदाजात पहिल्या ओळीत धरावे.

४. विवरणपत्रे दाखल झाल्याच्या पावत्या प्रत्येक संचालकाने स्वतः पाहाव्यात.

५. सभासदांनी सभेत तीन प्रश्न अवश्य विचारावेत: विवरणपत्रे भरली का? राखलेली रक्कम किती? संचालकांकडे कंपनीचे येणे किती?

ज्या कंपनीत या प्रश्नांची उत्तरे कागदासह मिळतात, त्याच कंपनीत आपले भाग आणि आपला माल घालावा.