ठोसा खायची सवय होते का?

“मावशी, तू मेंदूवर काम करतेस ना? मग बाबांना सांग, सवय होते म्हणून.”

मित्राकडे सत्यनारायण होता. प्रसादाचा शिरा घेऊन मी नुकताच एक कोपरा पकडला होता, आणि समोर त्याचा पंधरा वर्षांचा मुलगा उभा. गेलं वर्षभर तो बॉक्सिंगच्या जिममध्ये जातोय. दोरीवरच्या उड्या, बॅगवर ठोसे, भरपूर घाम. आता त्याला स्पारिंग करायचंय, म्हणजे समोर खरा माणूस आणि खरे ठोसे. आईबाबा नाही म्हणतात. कोच म्हणतो, सुरुवातीला डोकं भणभणतं, मग सवय होते.

मी आधी शिरा संपवला. कारण कोच खोटं बोलत नव्हता. सवय होते. फक्त ती कशाला होते, हा प्रश्न आहे.

आधी ठोसा म्हणजे काय ते बघू. डेट्रॉईटच्या वेन स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी ऑलिंपिक दर्जाच्या सात बॉक्सरांना एका यांत्रिक पुतळ्याच्या तोंडावर ठोसे मारायला लावले आणि मोजमापं २००५ साली प्रसिद्ध केली. सरासरी जोर निघाला सुमारे ३,४०० न्यूटन, म्हणजे साडेतीनशे किलोचं वजन क्षणभर गालावर ठेवल्यासारखं. मुठीचा वेग सेकंदाला ९ मीटरहून थोडा जास्त. म्हणजे ताशी ३३ किलोमीटर, आपल्या गल्लीतली स्कूटर.

पण मेंदूचा खरा शत्रू नुसता जोर नाही, गिरकी आहे. ऑक्सफर्डच्या हॉलबोर्न या भौतिकशास्त्रज्ञाने १९४३ मध्ये हे जिलेटिनच्या मेंदूवर दाखवून दिलं. त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. भांड्यात खरवस लावा. भांडं सरळ रेषेत ढकललं तर खरवसाला फारसं काही होत नाही. तेच भांडं गर्रकन फिरवून थांबवलं, तर कडेचा थर भांड्याबरोबर फिरतो, आतला मागे राहतो, आणि मध्ये तडा जातो. मेंदू जवळपास तितकाच मऊ आहे. म्हणून बॉक्सर हनुवटीच्या मागे लागतात. डोकं मानेवर फिरतं आणि हनुवटी त्या फिरण्याच्या आसापासून सगळ्यात लांब. दाराचं हँडल बिजागरीपासून लांब का लावतात, तसंच.

आता शिकण्याचा भाग. पहिली गोष्ट मान. आपल्या तालमीतले पैलवान डोकं मातीला टेकवून सगळं अंग मानेवर तोलतात. इथले बॉक्सर डोक्याला पट्टा बांधून वजनं उचलतात. घट्ट मानेमुळे डोकं एकटं उडत नाही, धडाला जोडलेलं राहतं, म्हणजे ठोशाला जास्त वस्तुमान ढकलावं लागतं. अमेरिकेतल्या हायस्कूलच्या ६,७०० खेळाडूंच्या २०१४ मधल्या अभ्यासात मानेची ताकद दर पाउंडामागे वाढत गेली तशी कन्कशनची शक्यता सुमारे ५ टक्क्यांनी कमी होत गेली. हे खेळाडू सॉकर, बास्केटबॉल, लॅक्रॉसचे होते, बॉक्सर नव्हेत, पण मान ती मानच.

मात्र मान वेळेवर आवळली पाहिजे. ठोशाचा मुख्य धक्का दहा-वीस मिलिसेकंदांत संपतो. ठोसा लागल्यावर स्नायू आवळायला त्याहून जास्त वेळ लागतो. म्हणजे ठोसा आधी दिसायला हवा. “जो दिसत नाही तोच पाडतो” असं रिंगमधले लोक म्हणतात, त्यात शरीरशास्त्र आहे. आणि दिसण्यासाठी डोळे उघडे हवेत! पोस्टडॉकच्या दिवसांत मीही काही महिने एका जिममध्ये जात होते. कोच मऊ पॅड नुसता नाकासमोर हलवायचा आणि माझे डोळे गच्च मिटायचे. तीन आठवडे लागले ते उघडे राहायला. तेवढीच माझी बॉक्सिंगमधली कमाई.

डोळे उघडे राहिले की मग खरी कला सुरू होते: ठोशाबरोबर जाणं. क्रिकेटमध्ये कॅच घेताना आपण हात मागे नेतो, तसं डोकं ठोशाच्या दिशेनेच वळवायचं. तोच धक्का जास्त वेळात वाटला जातो आणि जोराचं टोक खाली येतं. हनुवटी छातीकडे आणि खांद्याआड, दात माउथगार्डवर घट्ट. बाकी राहते ती भीती आणि वेदना. त्या दोन्हींना मज्जासंस्था खरोखर सरावते. दहाव्या वेळी नाकावर बसलेला ठोसा पहिल्यासारखा घाबरवत नाही.

कोच ज्याला सवय म्हणतो, ती एवढीच. यातल्या कशानेही मेंदू स्वतः टणक होत नाही.

त्यात एक चाळणीही आहे, जी जिममध्ये कुणाला दिसत नाही. ज्यांना पहिल्याच महिन्यात गरगरतं, उलट्या होतात, ते घरी जातात. पाच वर्षांनी जे उरतात ते टणकच असतात, आणि आपल्याला वाटतं जिमने त्यांना टणक केलं.

टणकपणाचं काय होतं, त्यासाठी मी मुलाला जेरी क्वारीची गोष्ट सांगितली. त्याने नाव ऐकलं नव्हतं. मुहम्मद अली साडेतीन वर्षांच्या बंदीनंतर २६ ऑक्टोबर १९७० रोजी अटलांटात परतला, तेव्हा समोर हाच होता. कॅलिफोर्नियातल्या बेकर्सफील्डचा, उंचीने आणि वजनाने हेवीवेट म्हणून जरा लहानच, पण मार खाऊन पुढे येत राहणारा. फ्रेझरशी दोनदा, अलीशी दोनदा लढला. फ्लॉइड पॅटरसन, रॉन लाइल, अर्नी शेव्हर्स यांना हरवलं. एकूण ६६ लढती, ५३ जिंकल्या. लोकांना तो आवडायचा तो याच चिवटपणासाठी.

१९८३ मध्ये स्पोर्ट्स इलस्ट्रेटेडने काही बॉक्सरांच्या मेंदूच्या तपासण्या करून घेतल्या, त्यात क्वारी होता. बोलणं-चालणं ठीक, पण स्कॅनमध्ये मेंदूतले बदल दिसले. त्याच वर्षी तो पुन्हा दोनदा लढला. १९९२ मध्ये, ४७ व्या वर्षी, कोलोरॅडोत आणखी एकदा. त्या राज्यात तेव्हा बॉक्सिंगवर देखरेख करणारं मंडळच नव्हतं. सहा फेऱ्यांचे त्याला हजार डॉलरच्या आसपास मिळाले. पुढच्या काही वर्षांत त्याला दाढी करायला, बूट घालायलाही घरच्यांची मदत लागू लागली. १९९९ च्या जानेवारीत, ५३ व्या वर्षी तो गेला. धाकटा भाऊ माइक, तोही बॉक्सर, २००६ मध्ये त्याच वाटेने गेला.

आत काय होत असतं? चेतापेशीचा लांब तंतू, अ‍ॅक्सॉन, हा माझा रोजचा विषय. तो सावकाश ताणला तर दुप्पट लांब होऊनही टिकतो. झटक्यात ताणला तर आतल्या सूक्ष्म नळ्या कडक काडीसारख्या मोडतात. या नळ्यांना धरून ठेवणारं टाउ नावाचं प्रथिन सुटं होतं आणि वर्षानुवर्षं मेंदूच्या घड्यांच्या तळाशी, बारीक रक्तवाहिन्यांभोवती त्याच्या गाठी साचतात. गुडघ्याचं हाड व्यायामाने जाड होतं, हाताला घट्टे पडतात. अ‍ॅक्सॉनला घट्टा पडत नाही.

बॉक्सरांचं हे दुखणं वैद्यकात पहिल्यांदा नोंदवलं न्यू जर्सीतल्या हॅरिसन मार्टलंड यांनी, १९२८ मध्ये. घड्याळांवर रेडियमचा रंग लावणाऱ्या मुलींचं विषबाधेचं प्रकरण ज्यांनी उकललं, तेच हे. माणूस जबरदस्त असणार! अलीकडे लास वेगासमध्ये क्लीव्हलँड क्लिनिकने २०११ पासून शेकडो लढवय्यांचे मेंदू दरवर्षी मोजायला घेतलेत. ज्यांना जास्त मार बसला त्यांचा थॅलॅमस लहान आणि विचारांचा वेग कमी, असं त्यात दिसतं. फक्त नॉकआउट मोजून चालत नाही, छोटे ठोसेही जमा होतात. आणि बहुतेक छोटे ठोसे लढतीत नाही, स्पारिंगमध्ये बसतात.

म्हणून मला चिवट बॉक्सरची जास्त काळजी वाटते. जो पटकन पडतो त्याला पंच थांबवतात, राज्याचे नियम काही आठवडे रिंगपासून लांब ठेवतात. जो पडत नाही त्याला कुणी थांबवत नाही.

“मी हेडगार्ड घालीन,” मुलगा म्हणाला. हेडगार्डने भुवई फुटत नाही, पण डोकं फिरायचं तसं फिरतंच. २०१३ पासून पुरुषांच्या वरिष्ठ हौशी लढतींतून तो काढूनच टाकला, रिओ ऑलिंपिकमध्ये पुरुष त्याच्याशिवाय लढले. हातमोज्यांचंही तेच, ते मुख्यतः मारणाऱ्याची बोटं वाचवतात.

मग त्याने अलीचं नाव काढलं. “तो तर मार चुकवायचा.” अगदी खरं, आणि १९७० च्या आधीचा अली पाहावा तो त्यासाठीच. पाय मंदावल्यावर तो दोरांना टेकून मार खायला शिकला, १९७४ मध्ये किन्शासात फोरमनला त्यानेच दमवलं. १९८४ मध्ये त्याच्या पार्किन्सनचं निदान झालं. सगळा दोष ठोशांना द्यावा का, यावर डॉक्टरांत वाद आहे, आणि पार्किन्सन बॉक्सिंग न करणाऱ्यांनाही होतो, हेही मी त्याला सांगितलं. तो लगेच “बघा!” म्हणाला. पंधराव्या वर्षी माणूस वकील असतो.

शेवटी घरात तह झाला: बॅग, पॅड, फुटवर्क, मानेचा व्यायाम सगळं चालू, डोक्यावर ठोसे असलेलं स्पारिंग अठरा पूर्ण होईपर्यंत बंद. छातीपोटावरचं हलकं स्पारिंग कोचने मान्य केलं. मुलाने मात्र मला व्हॉट्सअ‍ॅपवर उत्तर देणं बंद केलंय. दिवाळीच्या फराळाला भेटेल तेव्हा बघू.