कल्पनेपासून बाजारपेठेपर्यंत

नव्या कल्पना पुष्कळांना सुचतात. परंतु त्यांपैकी फार थोड्या वस्तुरूपाने लोकांच्या हाती पोहोचतात. ही वाटचाल कशी घडते, हे गुजरातमधील वांकानेरच्या मनसुखभाई प्रजापती यांच्या उदाहरणावरून समजून घेता येते.

मनसुखभाईंचा परंपरागत व्यवसाय कुंभारकामाचा. दहावीत अनुत्तीर्ण झाल्यावर त्यांचे शालेय शिक्षण थांबले. १९८८ मध्ये त्यांनी कर्ज काढून मातीचे तवे बनवण्याचा उद्योग सुरू केला. २००१ च्या भूकंपानंतर एका वृत्तपत्रात फुटलेल्या माठाचे छायाचित्र छापून आले. गरिबांचा फ्रिज फुटला, अशा आशयाची ओळ त्याखाली होती. ती वाचून विजेवाचून चालणारा मातीचा फ्रिज बनवण्याची कल्पना त्यांना सुचली.

पहिली पायरी प्रयोगाची. अनेक प्रयत्नांनंतर २००५ मध्ये ‘मिट्टीकूल’ हा फ्रिज सिद्ध झाला. त्याच्या वरच्या कप्प्यात पाणी असते. ते मातीच्या भिंतींतून झिरपते व त्याचे बाष्पीभवन होताना उष्णता शोषली जाते. त्यामुळे खालच्या कप्प्यातील भाज्या व दूध थंड राहते. तत्त्व माठाचेच, रचना मात्र नवी.

दुसरी पायरी संरक्षणाची. भारतात १९७० च्या कायद्यानुसार शोधासाठी पेटंट, म्हणजेच एकस्व मिळते. अर्जाच्या तारखेपासून २० वर्षांपर्यंत शोधकाच्या अनुमतीवाचून इतरांना त्या शोधाचा व्यापारी वापर करता येत नाही. मात्र शोध नवा असावा लागतो. अर्जापूर्वीच तो सर्वांसमोर उघड केल्यास हा हक्क गमावण्याचा धोका असतो. म्हणून आधी अर्ज करावा, मग प्रदर्शन. काम अपुरे असल्यास तात्पुरता अर्ज करून १२ महिन्यांत संपूर्ण तपशील सादर करता येतो.

तिसरी पायरी उत्पादनाची व विक्रीची. एक उत्तम नमुना घडवणे निराळे आणि तशाच शेकडो वस्तू परवडणाऱ्या किमतीत घडवणे निराळे. मातीची वस्तू दूरच्या ग्राहकापर्यंत न फुटता पोहोचवणे हेही आव्हानच. अशा वेळी भांडवल व मार्गदर्शन लागते. मनसुखभाईंना अहमदाबादच्या ‘ग्यान’ या संस्थेचे साहाय्य लाभले.

शालेय शिक्षण अपुरे राहिले, तरी हातातील कौशल्य आणि डोळस निरीक्षण वाया जात नाही. त्याला चिकाटीची व आपल्या हक्कांच्या जाणिवेची जोड मिळाली, तर सुचलेली कल्पना उपजीविकेचे साधन बनू शकते.