नवख्या गळ्यांसाठी ग्रेगोरियन गान

‘आलेलुया’ हा शब्द चार अक्षरांचा. पण कॅथलिक चर्चच्या जुन्या लॅटिन गानात त्याच्या शेवटच्या ‘या’वर तीस-चाळीस सूर सहज गुंफलेले आढळतात. मठातले साधू रोज गात, म्हणून त्यांना ते पेलत असे. आठवड्यातून एकदा तालमीला जमणाऱ्या आठ-दहा हौशी गायकांनी ते ‘ग्रादुआले रोमानुम’ या मूळ ग्रंथातून थेट उचलले, तर दम आणि धीर दोन्ही सुटतात.

ही अडचण चर्चने फार पूर्वी ओळखली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1963 मध्ये उपासनेविषयीच्या दस्तऐवजात ग्रेगोरियन गानाला मानाचे स्थान दिले आणि लहान चर्चसाठी सोप्या चालींचा संग्रह काढावा, अशी इच्छाही नोंदवली. त्यातूनच 1967 मध्ये ‘ग्रादुआले सिम्प्लेक्स’ हा संग्रह निघाला; 1975 मध्ये त्याची दुसरी आवृत्ती आली. त्यात प्रत्येक रविवारसाठी नवे गाणे नाही. आगमनकाळ, उपवासकाळ, पुनरुत्थानकाळ अशा एकेका काळासाठी मोजकेच संच आहेत. छोटे ध्रुवपद सगळ्यांनी म्हणायचे आणि स्तोत्राच्या ओळी एकट्याने किंवा निवडक गायकांनी गायच्या. बसवलेले गाणे त्यामुळे अनेक रविवारी उपयोगी पडते.

1974 मध्ये पोप सहावे पॉल यांनी ‘युबिलाते देओ’ ही छोटी पुस्तिका जगभरच्या बिशपांना पाठवली. सर्वसामान्य भाविकांना यावीत अशी लॅटिन गाणी तिच्यात निवडली आहेत. त्यातले अठराव्या मिस्सेचे, म्हणजे मिस्साविधीच्या ठरलेल्या गाण्यांच्या अठराव्या संचातले, ‘सांक्तुस’ नवख्यांनी आधी घ्यावे. धर्मगुरू त्याआधी जी प्रार्थना गातात, तिच्याच सुरावटीतून ते पुढे सरकते. एका अक्षराला बहुधा एकच सूर असल्याने शब्द नीट उच्चारले की चाल आपोआप साधते.

तिसरा मार्ग स्तोत्रचालींचा. अशा आठ मुख्य चाली आहेत. सुरुवातीला दोन-तीन सूर चढायचे, मग बरीचशी ओळ एकाच सुरावर म्हणायची, मध्ये एक वळण घ्यायचे आणि शेवटी उतरायचे. एक चाल बसली, की कितीही लांब ओळ तिच्यात मावते. अमेरिकेत पिट्सबर्गला काम करणारे कार्लो रोस्सीनी यांनी याच तत्त्वावर वर्षभराच्या मिस्सांची बदलती गाणी बांधून 1933 मध्ये प्रसिद्ध केली. ‘साल्वे रेजिना’सारख्या मरियागीतालाही दोन चाली आहेत, एक विस्ताराची आणि एक साधी, जगभरच्या भाविकांच्या ओठी बसली ती साधीच.

या गानाची चार रेघांची स्वरलिपी पाहून पुष्कळजण बिचकतात. खरे तर आपल्याकडच्या गायकांना ती जवळची वाटायला हवी, कारण तिच्यात ‘दो’ची जागा आपल्या षड्जासारखीच सरकती असते. पट्टी गळा पाहून ठरवायची. सगळे एकाच सुरात गातात, त्यामुळे चार आवाजांत वाटणी नाही आणि ऑर्गन नसला तरी अडत नाही.

नव्या वृंदाने तालमीत आधी लॅटिन शब्द बोलून पाहावेत, त्यांचा अर्थ समजून घ्यावा, मग ते एकाच सुरावर म्हणावेत आणि त्यानंतरच चाल लावावी. सोळाव्या मिस्सेचे ‘किरिये’, अठराव्या मिस्सेचे ‘सांक्तुस’ व ‘आन्युस देई’ आणि स्तोत्रासह एक ध्रुवपद एवढ्यावर उपवासकाळ नीट पार पडतो. पुढे मूळ ग्रंथातले कम्युनियनच्या वेळचे एखादे लहान गीत घ्यावे. लांब ‘आलेलुया’ला त्यानंतर हात घालावा.