दहा घोड्यांची बोट

अश्वशक्ती हा शब्द आपल्याला विहिरीवरच्या पंपामुळे माहीत आहे. पाच घोड्यांची मोटर म्हटली की शेतकऱ्याला लगेच अंदाज येतो. एक घोडा म्हणजे ७४६ वॅट. बोटीच्या इंजिनालाही हेच माप लावतात.

अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यात लेक आर्थर नावाचे तळे आहे. ते धरण बांधून केलेले आहे. पाणी सव्वातीन हजार एकर! तरी तेथे २० घोड्यांहून मोठे इंजिन चालवू देत नाहीत. त्या देशात काही तळ्यांवर मर्यादा १० चीच असते, तर काहींवर नुसती बॅटरीची मोटर चालते. असे का बरे? वेगवान बोटीच्या लाटांनी काठ ढासळतात. वल्ह्याच्या होड्या हेलकावतात. आणि पिण्याच्या पाण्यात तेल कोणाला हवे?

मग बोट कशी निवडावी? पुष्कळ लोक आधी इंजिन पाहतात. आम्ही म्हणतो, आधी वजन पाहा. सावकाश चालणारी बोट पाणी बाजूला सारीत जाते. तेव्हा तिचा वेग तिच्या लांबीवर ठरतो. सोळा फुटी बोट अशी ताशी सहा मैलांच्या आसपास जाते. याहून पळायचे तर तिला पाण्याच्या पाठीवर चढावे लागते. मुले चपटा दगड पाण्यावर फेकतात, तो कसा टप्पे घेत जातो? तसेच हे. या चढण्यालाच खरी ताकद लागते. चौदा फुटी ॲल्युमिनियमची हलकी होडी, आत दोन माणसे, तर १० घोड्यांत ती बहुधा चढते. तीत चार माणसे बसली की ती नाक वर करून नुसती पाणी ढकलीत राहते. पिंपांवर फळ्या ठोकल्यासारखी पाँटून बोट तर रिकामीच दीड-दोन हजार पौंड भरते. तिच्याकडून वेगाची आशा धरू नये. पोराबाळांना घेऊन रमतगमत फिरायला ती चांगली.

बाजारात ९.९ घोड्यांचे इंजिन मिळते. दहाच्या तळ्यावर ते चालते. काही कारखान्यांचे ९.९ चे आणि १५ चे इंजिन आतून जवळजवळ सारखेच असते. म्हणून कोणी शहाणा १५ च्या इंजिनावर ९.९ ची चिठ्ठी चिकटवतो. आम्हांला हे मुळीच पसंत नाही. पकडला गेला तर दंड होईल, ते राहू द्या. पण बोटीला तेवढी ताकद सोसते का?

त्यासाठी बोटीवरची पट्टी वाचावी. अमेरिकेत १९७१ साली बोटींच्या सुरक्षिततेचा कायदा झाला. त्यामुळे २० फुटांहून लहान अशा बहुतेक मोटरबोटींवर कारखानदार पट्टी लावतो. माणसे किती, वजन किती, इंजिन किती घोड्यांचे, सारे तीत लिहिलेले असते. तळ्याची मर्यादा वीस आणि पट्टीवर दहा, तर दहाच धरावे. जड इंजिनाने बोटीची मागची बाजू दबते आणि मागून आलेली लाट सरळ आत येते.

बॅटरीची मोटर घेणाऱ्याने हिशेब करावा. समजा, बॅटरी १०० अँपिअर-तासांची आहे आणि पूर्ण वेगात मोटर ५० अँपिअर ओढते. कागदावर दोन तास झाले. पण शिशाची बॅटरी निम्म्याहून अधिक रिकामी केली तर लवकर खराब होते. म्हणजे उरला एकच तास. वेग कमी ठेवला तर ती पुष्कळ जास्त पुरते. वारा असेल त्या दिवशी जाताना वाऱ्याच्या तोंडावर जावे, म्हणजे परतताना तोच वारा बोट घराकडे लोटतो.