बाळंतीण कशी आहे?

नागपूरची गांधीबाग आपल्याला ठाऊक आहे. लग्नाचा बस्ता बांधायला खेड्यापाड्यांतून मंडळी तेथे येतात. याच गांधीबागेत बायकांचा एक मोठा सरकारी दवाखाना आहे. त्याला सारे 'डागा' म्हणतात. आता तुम्हाला वाचता येते. पुढच्या खेपेला तिकडून गेलात तर त्याची पाटी वाचून पाहा.

अशा कोणत्याही दवाखान्याबाहेर घटकाभर उभे राहावे. कोणाची सून आत असते, कोणाची लेक. आतून कोणी आले की म्हातारी विचारते, "मोकळी झाली का वं?" दुसरा प्रश्न, "पोरगा की पोरगी?" तिसरा प्रश्न, "वजन किती भरलं?" बाळंतीण कशी आहे, हे मात्र फार थोडे लोक विचारतात. आज आपण याच प्रश्नाविषयी बोलू.

आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या घरची गोष्ट सांगतो. त्याची बायको पहिल्या खेपेला बाळंत झाली. दवाखान्याचे नाव सांगण्याचे कारण नाही. कळांनी ती ओरडली, म्हणून तिला रागावले. आत तिच्याजवळ आपले असे कोणी नव्हते. रात्र तिने एकटीने काढली. मुलगी झाली. घरी आली तर सासू गप्प, नवरा गप्प. आम्ही बाळ पाहायला गेलो, झबले दिले, "नाक आजीवर गेले" असे म्हणालो आणि चहा पिऊन परत आलो. बाळंतीण भिंतीकडे तोंड करून निजली होती. तिची चौकशी आम्हीही केली नाही. याची आम्हाला आजही लाज वाटते.

पुढे काय झाले? तिला झोप येईना. पोरीला जवळ घ्यावेसे वाटेना. दूध उतरत नाही म्हणून घरच्यांनी बाटलीने वरचे दूध सुरू केले. पोरीला हगवण लागली. कोणी म्हणाले, बाहेरचे आहे, अंगारा लावा. शेवटी गावची आशाताई आली. तिने बाळाआधी आईचा हात धरला आणि विचारले, "बाई, सारखं रडू येतं का?" बाई ढसाढसा रडली. मग डॉक्टर झाले, औषध झाले. माय-लेकी दोघी सावरल्या.

असे का होते? धार काढताना गाय बुजली तर ती पान्हा चोरते, हे आपल्याला ठाऊक आहे. दूध कासेत असते, पण उतरत नाही. माणसाचेही काहीसे तसेच आहे. शरीरात एक रस तयार होतो. डॉक्टर त्याला ऑक्सिटोसिन म्हणतात. या रसाने कळा वाढतात आणि याच रसाने पान्हा फुटतो. बाई फार भ्याली तर हा रस नीट सुटत नाही. कळा मंदावू शकतात. नंतर दूधही उशिरा उतरते. म्हणजे दोष तिच्या दुधाचा नसतो.

गोव्यात डॉक्टरांनी 252 बायकांची पाहणी केली. ती 2002 साली छापली गेली. बाळंतपणानंतर दीड-दोन महिन्यांनी शंभरात 23 जणींना मनाचा उदासपणाचा आजार होता. गरिबी, नवऱ्याची मारहाण आणि मुलगा हवा असताना झालेली मुलगी, ही त्यामागची मोठी कारणे दिसली. अशा आयांची बाळे सहाव्या महिन्यात वजनाने मागे पडण्याचा धोका जास्त होता, हेही पुढच्या वर्षी छापले गेले. आईचे मन आणि बाळाचे वजन यांचे असे नाते आहे.

मग उपाय काय? पहिला उपाय बिनपैशाचा आहे. कळा देताना तिच्याजवळ तिला हवे असलेले माणूस असावे. 17 देशांतल्या 15 हजारांहून अधिक बायकांचा अनुभव 2017 साली एकत्र तपासला गेला. जिच्याजवळ कोणी सतत होते, तिचे बाळंतपण थोडे लवकर झाले, शस्त्रक्रियेची वेळ कमी आली आणि बाळंतपणाची कडू आठवणही कमी राहिली. आपल्या सरकारनेही 2016 साली सरकारी दवाखान्यांत बाईजवळ सोबतीण ठेवण्यास मान्यता दिली. तेव्हा नम्रपणे विचारा, "हिच्याजवळ हिची आई थांबली तर चालेल का?"

मात्र दवाखान्यात रागावतात म्हणून घरीच बाळंतपण करू, असे मुळीच म्हणू नका. रक्त जाऊ लागले तर घरी इलाज नाही. दवाखाना सोडायचा नाही. तिची सोबत सोडायची नाही.

बाळ रडले, ठीक आहे, की ते आईच्या उघड्या छातीवर द्यावे. तासाच्या आत पाजावे. पहिला पिवळा चीक टाकू नये. त्या उबेने बाळ शांत होते आणि आईचा पान्हाही फुटतो. शस्त्रक्रिया झाली असली तरी, दोघांची प्रकृती बरी असेल तर हे करता येते.

घरी आल्यावर दीड महिना लक्ष ठेवा. पहिल्या काही दिवसांत बाईला उगाच रडू येते. ते बहुधा आपोआप थांबते. पण दोन आठवडे झाले तरी रडू थांबत नाही, झोप नाही, बाळ नकोसे वाटते, तर डॉक्टरांना दाखवा. भलतेच बोलू लागली, किंवा जिवाचे बरेवाईट करण्याचे बोलली, तर तिला एकटी ठेवू नका. त्याच दिवशी दवाखान्यात न्या. 14416 या क्रमांकावर फोन केला तर मनाच्या आजाराविषयी फुकट सल्ला मिळतो. आशाताईही बाळाला पाहायला तिसऱ्या दिवसापासून बेचाळीसाव्या दिवसापर्यंत येते. तिच्यापाशी लपवू नका.

त्या आमच्या विद्यार्थ्याच्या घरी पुढे दुसरे बाळंतपण झाले. या खेपेला सासू आत गेली. सुनेचा हात धरून म्हणत राहिली, "भिऊ नको पोरी, मी इथंच आहे." दुसरीही मुलगीच झाली. आम्ही बाळ पाहायला गेलो. उंबऱ्यातच विचारले, "बाळंतीण कशी आहे?" आतून तिनेच उत्तर दिले, "बरी आहे, गुरुजी. या, बसा."