कोर्ट जवळ आले, भाषा दूरच!

बिदर जिल्ह्यातल्या पक्षकाराला हायकोर्टातल्या अपिलासाठी पूर्वी बंगळूर गाठावे लागे. जवळजवळ सातशे किलोमीटरची वाट. रात्रभराचा प्रवास, लॉजचे भाडे, आणि तिथे गेल्यावर पुढची पेशी! वकिलांनी आंदोलने करून ही मागणी लावून धरली. 5 जुलै 2008 रोजी गुलबर्ग्यात (आजच्या कलबुर्गीत) फिरते खंडपीठ सुरू झाले, 31 ऑगस्ट 2013 रोजी ते कायम झाले. कोल्हापूरकरांना त्यासाठी ऑगस्ट 2025 उजाडावे लागले. त्या मानाने आपण नशीबवान.

पण अंतर कमी झाले म्हणजे न्याय समजला, असे नाही. 1 नोव्हेंबर 1956 रोजी जुना बिदर जिल्हा फुटला. उदगीर, निलंगा, अहमदपूर तिकडे गेले. भालकी, औराद, हुमनाबाद इकडे राहिले. सोयरिकी मात्र तुटल्या नाहीत. आजही वाटणीच्या दाव्यात एक वारस उदगीरचा, दुसरा भालकीचा. एकाचा सातबारा मराठीत, दुसऱ्याची पहाणी कन्नडमध्ये, आजोबांचा निजामकाळचा कागद उर्दूत. भाषांतराचा खर्च पक्षकाराच्याच माथी.

खरी अडचण साक्षीची आहे. खालच्या कोर्टाची भाषा कन्नड. 2002 पासून दिवाणी दाव्यात सरतपासणी प्रतिज्ञापत्रावर होते. ते वकिलाच्या कचेरीत कन्नड किंवा इंग्रजीत टाइप होते आणि आमचा शेतकरी खाली सही करतो. उलटतपासणीत त्याच कागदातले वाक्य त्याच्यापुढे येते, तेव्हा तो गोंधळतो. दाव्याचा निकाल फिरायला एवढे पुरते.

कायद्यात सोय नाही असे नाही. कोर्टाने लिहून घेतलेली साक्ष साक्षीदाराला न कळणाऱ्या भाषेत असेल, तर ती त्याने ज्या भाषेत दिली त्या भाषेत समजावून सांगावी, असे दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश 18, नियम 6 सांगतो. फौजदारी खटल्यात जुन्या संहितेचे कलम 278 होते. 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 313 आहे. सही करण्याआधी ‘साहेब, मराठीतून सांगा’ एवढे म्हणायला कुणाची परवानगी लागत नाही. प्रतिज्ञापत्रही वकीलसाहेबांकडून आधी मराठीत ऐकून घ्यावे. फी आपणच देतो ना!

कमलनगर, हुलसूर आता स्वतंत्र तालुके झाले आहेत. दावे वाढतात, तालुका झाला की कोर्टाची मागणी येतेच, आणि ती रास्तच आहे. पण न्यायाधीश, कारकून, बेलीफ यांची पदे मागताना त्या यादीत मराठी जाणणारा एक दुभाषीही असावा. निवेदनात हे लिहायचे राहून गेले, तर मंजुरीच्या आदेशात ते आपोआप येणार नाही. ग्रामपंचायतींचे ठराव होतील तेव्हा ही ओळ त्यात घालून घ्या.