ऑडिओ कंपन्यांना लिनक्ससाठी राजी कसं करायचं?

लिनक्सवर रेकॉर्डिंग करणाऱ्यांचं नेहमीचं रडगाणं: ऑडिओ इंटरफेस जोडला, आवाजही आला, पण आतला मिक्सर काही हाती लागत नाही.

कारण असं, की यूएसबी ऑडिओ क्लासचे नियम पाळणारं उपकरण वेगळ्या ड्रायव्हरशिवाय चालतं. मात्र कुठलं इनपुट कुठल्या हेडफोनला जाईल, हे ठरवणाऱ्या कमांड बऱ्याचदा कंपनीच्या खास असतात आणि त्या गुलदस्त्यात राहतात. मग कुणीतरी विंडोजवर एकेक बटण दाबून यूएसबीवरून काय जातंय ते टिपत बसतं.

कंपन्या ऐकतच नाहीत असं नाही. क्रिएटिव्ह कंपनीनं एक्स-फाय साउंड कार्डांच्या ड्रायव्हरचा सोर्स कोड 2008 मध्ये जीपीएल परवान्याखाली खुला केला. पुढच्याच वर्षी तो ड्रायव्हर लिनक्सच्या 2.6.31 कर्नलमध्ये आला.

कंपनीला पत्र लिहिणार असाल तर:

🔹 ‘लिनक्स सपोर्ट द्या’ एवढंच मोघम लिहू नका. कंट्रोल कमांडची माहिती आणि चाचणीसाठी एखादं उपकरण, एवढंच मागा.
🔹 मॉडेल, कर्नल आवृत्ती आणि नेमकं काय चालत नाही, हे लिहा.
🔹 त्यांचा फायदा सांगा: ड्रायव्हर मूळ कर्नलमध्ये गेला की तो रास्पबेरी पायपासून स्टुडिओतल्या पीसीपर्यंत पोचतो.
🔹 शिव्याशाप नकोत. पत्र आधी सपोर्टवाल्याच्या हाती पडतं, निर्णय त्याचा नसतो.

आणि खरेदीआधी विचारा. गिऱ्हाईक हातचं जाईल म्हटलं की उत्तर लवकर येतं!